दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल तुमच्या चाचणीत कुठे आहे?

प्रति,
वाहन सुरक्षेची मानकं लिहिणारे अभियंते आणि अधिकारी,
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, पुणे,
तसेच केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

चाकणला तळेगाव रस्त्यावर माझं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. या दिवाळीला बावीस वर्षं पूर्ण झाली. एमआयडीसीतले कामगार, दूधवाले, शाळेचे मास्तर, शनिवारच्या बाजाराला कांद्याची पोती घेऊन येणारे शेतकरी, घरोघर पार्सल पोचवणारी पोरं, ही माझी गिऱ्हाइकं. स्वतः ब्रेक मारणाऱ्या नव्या मोटारींना त्यांच्या दुचाकी नीट दिसत नाहीत, याबद्दल त्यांच्या वतीने हे पत्र लिहितोय. त्यांनी मला तसं सांगितलेलं नाही, पण त्यांच्या गाड्या रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून लिहिण्याचा हक्क आहे असं समजतो.

कारण घडलं ते असं. गेल्या हिवाळ्यात माझ्या मेहुण्याने नवी मोटार घेतली. पुढच्या गाडीचं अंतर स्वतः राखणारी, लेनमध्ये स्वतः राहणारी, गरज पडली तर स्वतः ब्रेक मारणारी. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीबद्दल नाही. संध्याकाळी तो मला शिक्रापूर रस्त्याला फिरवायला घेऊन गेला. स्टिअरिंगच्या मागच्या पडद्यावर पुढची वाहनं चित्रात दिसत होती. ट्रक आला की ट्रकचं चित्र, मोटार आली की मोटारीचं. मला फार कौतुक वाटलं. वेग साठावर लावून मेहुण्याने पाय उचलून घेतला होता.

अंधार पडत आला होता. पुढे डाव्या कडेने एक मोटरसायकल चालली होती. दोन्ही बाजूंना दोन-दोन दुधाचे कॅन, मागच्या सीटवर पेंडीचं पोतं. मला ती लांबूनच दिसली, कारण असल्या गाड्यांचा आकार माझ्या डोळ्यांत बसलेला आहे. पडद्यावर काहीच नव्हतं. मग एक ट्रक उमटला, क्षणभराने त्याची मोटार झाली, आणि पुन्हा पडदा रिकामा. आमचा वेग साठचा साठच. मेहुण्याने ब्रेक मारला तेव्हा आमच्यात आणि त्या कॅनमध्ये दोन गाड्यांची जागा उरली असेल. पुढच्या माणसाला काही कळलंही नाही, तो आपल्या चालीने चालला होता.

बाजूने पुढे जाताना मी त्याला ओळखलं. माझंच गिऱ्हाईक. त्याच्या गाडीचा टेललॅम्प महिन्याभरापूर्वी मीच बदलला होता. दिवा लागलेला होता हो, पण पोत्याचा खालचा कोपरा त्याच्यावर लोंबत होता आणि दोन्ही अंगांनी कॅन. गॅरेजमध्ये गाडी स्टँडवर, रिकामी असते, तेव्हा दिवा स्वच्छ दिसतो. रस्त्यावर ती गाडी कधी रिकामी नसतेच.

माझी मुलगी ऑटोमोबाईल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या रात्री मी तिला विचारलं की, ही यंत्रणा तपासतात तेव्हा समोर काय ठेवतात? तिने शोधून काढलं, समजावलं, आणि मग आम्ही दोघं बरेच दिवस हेच वाचत बसलो. खाली लिहिलंय ते त्यातून आलेलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. मी यंत्राच्या विरोधात नाही. आज आम्हाला मारतायत ती माणसंच. मंत्रालयाच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यांपैकी ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे रोज दोनशेहून जास्त. यंत्र दारू पीत नाही, डुलकी घेत नाही, मोबाईलवर बोलत नाही. अमेरिकेत वेमो कंपनीच्या चालकाशिवाय चालणाऱ्या टॅक्सी सुमारे ९ कोटी किलोमीटर फिरल्यानंतरचा अभ्यास कंपनीने २०२५ मध्ये मांडला. मोटरसायकलस्वार जखमी होतील असे अपघात त्याच भागातल्या माणसांच्या मानाने ८२ टक्क्यांनी कमी झाले, असं त्यात आहे. अभ्यास कंपनीचा स्वतःचा असला तरी तो मी झटकून टाकत नाही. याच कंपनीची २०१८ ची माउंटन व्ह्यूची हकीकतही बोलकी आहे. गाडीत बसलेल्या देखरेखीच्या चालकाने यंत्राकडून ताबा घेतला, लेन बदलली आणि मागून येणाऱ्या मोटरसायकलला धडक दिली. यंत्राच्या हाती गाडी असती तर हे टळलं असतं, असं कंपनीने नंतर सांगितलं. खरंही असेल. म्हणून म्हणतो, आम्हाला ही यंत्रणा हवी आहे. फक्त तिला आम्ही दिसलो पाहिजे.

माननीय मंत्री नितीन गडकरी यांनी चालक नसलेल्या गाड्या भारतात येऊ देणार नाही, असं एकाहून जास्त वेळा जाहीर सांगितलंय. चालकांच्या रोजगाराची त्यांची काळजी मला पटते, माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. पण गाडी एकदम चालकाविना येत नाही. आधी तिचा पाय येतो, मग हात, मग डोळे. वेग राखणं, ब्रेक मारणं, लेन धरणं हे आज चाकणच्याच कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाड्यांत आहे. पुढे बस आणि ट्रकचा नंबर आहे. आठपेक्षा जास्त प्रवासी नेणाऱ्या बस आणि मोठे ट्रक यांना आपोआप ब्रेक, लेन सुटल्याचा इशारा, चालकाला डुलकी लागल्याचा इशारा, बाजूच्या न दिसणाऱ्या भागाचा इशारा हे सगळं सक्तीचं करण्याचा मसुदा मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये काढला. त्याबद्दल मनापासून आभार. ट्रकच्या डाव्या चाकाखाली गेलेल्या किती गाड्या माझ्या दारात टेम्पोतून उतरल्यात, ते मी मोजत नाही.

आता माझा मुद्दा. आपल्याकडची वाहनांची मानकं, म्हणजे एआयएस, बऱ्याचदा संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांवरून बेतलेली असतात. मुलीने ते नियम काढून दाखवले. ट्रकच्या बाजूचा न दिसणारा भाग, नियम क्रमांक १५१: शीर्षकातच लिहिलंय, सायकल ओळखण्यासाठी. जागेवरून निघताना ट्रकच्या नाकासमोर कोण आहे, नियम क्रमांक १५९: पादचारी आणि सायकलस्वार. मोटारीचा आपोआप ब्रेक, नियम क्रमांक १५२: समोर मोटार, पादचारी, सायकल. ज्या देशांत हे नियम घडले तिथे शहरात सायकली जास्त, मोटरसायकली कमी. त्यांनी त्यांच्या रस्त्यावर मरणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवला, ते बरोबरच केलं. आपल्या रस्त्यावर मरणारा माणूस मोटरसायकलवर आहे. मग तेच नियम उचलताना त्याचं नाव पहिल्या ओळीत यायला नको का? युरोपातल्या मोटारींना तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२३ पासून मोटरसायकलच्या चाचण्या सुरू केल्या. म्हणजे हे जमतं. फक्त त्यांची नकली मोटरसायकल त्यांच्याकडच्यासारखी आहे. एक स्वार, अंगाला धरून कपडे, गाडीवर ओझं नाही, दिवा उघडा.

मोटरसायकल ओळखणं यंत्राला का जड जातं, हेही समजून घेतलं. मोटारीच्या मागे धातूचा रुंद पत्रा असतो, रडारच्या लहरी त्यावरून भरपूर परततात. मोटरसायकल मागून पाहिली तर हँडलसकट पाऊण मीटर रुंद, वर माणसाचं अंग, त्यावरून लहरी कमी परततात. शेजारी ट्रक असला तर त्याच्या परतीत तिची परत बुडून जाते. तिची जागाही कडेला. २०१६ साली नेदरलँड्सच्या वाहन प्राधिकरणाने अंतर राखणाऱ्या गाड्या तपासल्या, तेव्हा लेनच्या कडेने चालणारी मोटरसायकल त्यांना नीट ओळखता येत नसल्याचं दिसलं. आपल्याकडे कडेनेच चालायची सवय आणि शिस्त आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तेच शिकवतात, घरचे तेच सांगतात, "कडेनं जा रे बाबा."

रात्री कॅमेऱ्याची गत आणखी वाईट. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि युटा इथे दोन मोटरसायकलस्वार टेस्लाच्या गाड्यांनी मागून धडक दिल्याने गेले. दोन्ही महामार्गावर, दोन्ही अंधारात, आणि तिथल्या सुरक्षा यंत्रणेने स्वयंचलित प्रणालीच्या संशयावरून दोन्हींचा तपास हाती घेतला. एप्रिल २०२४ मध्ये सिॲटलजवळ आणखी एक गेला. त्या गाडीचा चालक यंत्रावर विसंबून फोनमध्ये डोकं घालून बसला होता. हे का होत असावं याचं एक स्पष्टीकरण मला मेकॅनिक म्हणून लगेच पटलं. काही मोटरसायकलींना मागे दोन छोटे दिवे जवळजवळ आणि खाली असतात. अंधारात कॅमेऱ्याला फक्त दिवे दिसतात. जवळजवळचे दोन दिवे म्हणजे लांबवरची मोटार, असा त्याचा हिशेब झाला तर तो ब्रेक कशाला मारेल? लांब वाटणारी ती गाडी प्रत्यक्षात वीस पावलांवर असते. आणि तिथले हे अपघात चांगल्या रस्त्यावर, धड दिव्यांच्या गाड्यांचे आहेत.

अमेरिकेच्या विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेने तर आकडाच काढला. पुढची धडक टाळणारी यंत्रणा बसवलेल्या गाड्यांनी मागून दिलेल्या धडका, समोर मोटार असताना ५३ टक्क्यांनी घटल्या, समोर मोटरसायकल असताना ४१. हा फरक त्यांच्या रस्त्यावरचा. आमच्या रस्त्यावर तो किती भरेल, हे मोजण्याचं काम तुमचं आहे.

माझ्या दारात येणाऱ्या गाड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चाचणीच्या कागदावर नेमकं हेच नसतं. टेललॅम्पचा बल्ब दोन तारांचा असतो. पाच वॅटची तार सतत जळते, एकवीस वॅटची ब्रेक मारल्यावर. खड्ड्यांनी हादरून आधी जाते ती पाचवाली, कारण तीच कायम तापलेली. मग मागे उजेड फक्त ब्रेक मारल्यावर पडतो. गाडीवाल्याला हे कळत नाही, तो पुढे बघत असतो. पुढचा दिवा २०१७ पासून नव्या गाड्यांत गाडी सुरू असेपर्यंत लागलेलाच राहतो, तो नियम फार चांगला झाला, समोरून येणाऱ्याला आम्ही दिसायला लागलो. मागचा अंधार तसाच राहिला. सर्व्हिसिंगला येणाऱ्या जुन्या गाड्यांत मी सगळ्यात आधी मागे हात लावून दिवा बघतो, आणि दहातल्या तीन-चार गाड्यांचा बंद सापडतो. काहींची काच फुटलेली, काहींवर चिखलाचा थर, काहींना पोराने हौसेने काळी फिल्म चिकटवलेली. पावसाळ्यात स्वार प्लास्टिकचा रेनकोट घालतो, तो फुगून मागे दिव्यावर येतो. बायका एका बाजूला पाय करून बसतात, पदर असतो. गवताचा भारा असतो, तो दोन्हीकडून इतका बाहेर येतो की मागून गाडी दिसतच नाही, नुसतं गवत चाललेलं दिसतं. गॅसचं सिलिंडर असतं, शिडी असते, प्लायवूडचा ताव असतो, दोन लेकरं आणि नवरा-बायको असतात. यातलं बरंच नियमात बसत नाही. मी गिऱ्हाइकांना रागवतो, पुढेही रागवेन. पण नियमात न बसणाऱ्या माणसालाही गाडीने थांबून जीवदान दिलंच पाहिजे, आणि माणूस चालक असला तर तो देतोच.

हे आकार यंत्राला शिकवता येतात. हैदराबादच्या आयआयआयटीने इंटेलबरोबर २०१८ साली भारतीय रस्त्यांचा चित्रसंच तयार केला. हैदराबाद-बेंगळुरूच्या रस्त्यांवरची दहा हजार चित्रं, त्यात रिक्षा आणि दुचाकीस्वार यांना वेगळी ओळख दिलेली. जर्मनीतल्या शहरांच्या चित्रांवर शिकलेलं यंत्र इथे गोंधळतं, म्हणूनच हे करावं लागलं. पण चित्रं असणं आणि गाडी विकायला परवानगी देण्याआधी त्या चित्रातल्या माणसापुढे तिला थांबवून बघणं, यात फार अंतर आहे. ते दुसरं काम सक्तीचं तुम्हीच करू शकता.

आता अशा एका गोष्टीबद्दल, जी आम्हाला वाचताना कुठेच सापडली नाही आणि मला सगळ्यात जास्त घाबरवते. सगळे बोलतात ते गाडीच्या पुढे असलेल्या मोटरसायकलबद्दल. मागे असलेल्याचं काय?

आमच्याकडे १०० सीसीच्या हजारो गाड्यांना दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढचा-मागचा ब्रेक जोडलेला आला, मोठ्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारा ब्रेक, आलं, पण रस्त्यावर जुन्याच जास्त. ताशी ५० च्या वेगाने चांगल्या टायरची, एबीएस असलेली मोटार पूर्ण ब्रेक लागल्यावर बारा-तेरा मीटरमध्ये थांबते. ड्रम ब्रेकच्या गाडीला, लायनर बरे असतील तर, वीस मीटरच्या आसपास लागतात. शिवाय हात ब्रेकपर्यंत जाईपर्यंत एक सेकंद गेला तर त्यातच चौदा मीटर संपतात. माणूस चालक सहसा अंदाजाने ब्रेक दाबतो, आरशात बघतो, थोडी जागा ठेवतो. यंत्र एका क्षणात पूर्ण ताकदीने दाबतं, आणि कधी सावलीला, पुलाला, वळणावरच्या पाटीला घाबरूनही दाबतं. चाकण चौकात सकाळी सातला पहिली पाळी भरताना मोटारीच्या मागे हातभर अंतरावर चार-चार मोटरसायकली असतात. पुढची मोटार अशी जागच्या जागी थांबली तर पहिला स्वार तिच्या डिकीवर, आणि बाकीचे त्याच्यावर. अंतर ठेवा हे आम्ही शिकवू. पण ब्रेक मारणाऱ्या यंत्राला मागे काय आहे ते बघायचा डोळाही असायला हवा. पुढे माणूस असेल तर थांबावंच लागेल, त्यात वाद नाही. पुढचं कारण कच्चं असेल आणि मागे स्वार चिकटलेला असेल तेव्हा तरी आधी हलका ब्रेक, झपझप उघडझाप करणारा ब्रेक लाईट, मग पूर्ण ब्रेक, असा क्रम ठेवता येतो की नाही, हे तपासा. आणि चुकून लागणारे ब्रेक किती किलोमीटरला किती, हा आकडा प्रत्येक कंपनीकडून मागा.

चाचणीच्या जागेबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे असल्या यंत्रणा दाखवायच्या म्हटलं की द्रुतगती मार्गच सोयीचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. जिथे आम्हाला पाय ठेवायला मनाई आहे, तिथे लाख किलोमीटर फिरून आलेली गाडी आमच्यासाठी सुरक्षित ठरत नाही. तिला तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर आणा, कात्रज बायपासला नवले पुलाच्या उतारावर आणा, श्रावणात पावसात, रात्री आठ वाजता. उलट्या बाजूने येणारी मोटरसायकल तिच्यासमोर येऊ द्या. ट्रॅकवर करायचं असेल तर तेवढा बाहुला बनवा. कॅन लावलेला, दिवा बंद असलेला, कडेने चालणारा.

दोन मागण्या थोडक्यात. पहिली, यंत्रणा चालू असताना दुचाकीला धडक बसली तर गाडीतली नोंद सरकारकडे जाणं बंधनकारक करा, आणि वर्षाला ती लोकांसमोर ठेवा. आज पंचनाम्यात गाडी माणूस चालवत होता की यंत्र, हा रकानाच नसेल तर पुढच्या वर्षी कुणी काही शिकणार नाही. दुसरी, दुचाकींनाच सिग्नल पाठवणारं यंत्र बसवा म्हणजे गाड्यांना त्या कळतील, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. नव्या गाड्यांना स्वस्तात बसत असेल तर जरूर बसवा. पण ज्याच्या गाडीला ते नाही त्याला गाडीने ओळखायचं नाही, असा अर्थ त्यातून कधीही निघता कामा नये. दिसण्याची जबाबदारी आमची थोडी आहे, बघण्याची जबाबदारी चालवणाऱ्याची, मग तो माणूस असो की संगणक.

आमच्या वाट्याचं आम्ही सुरू केलंय. आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यांनी ठरवलंय की, कुठल्याही कामाला गाडी आली तरी टेललॅम्प तपासल्याशिवाय ती बाहेर सोडायची नाही. बल्बचे पैसे घेतो, मजुरी नाही. दूधवाल्यांच्या मागच्या कॅनला लाल-पिवळी चमकणारी पट्टी मी फुकट चिकटवतो. त्या गिऱ्हाइकाचा दिवा आता पोत्याच्या वर येईल असा उंच करून दिलाय, लोखंडी पट्टी वाकवून, मोठी वायर टाकून.

शेवटी एक विनंती. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, त्या दिवशी माझ्याकडेही गर्दी कमी असते. तुमच्यापैकी कुणीही या, पुण्यातल्या तुमच्या संस्थेच्या टेकडीवरून चाकण तासा-दीड तासाचं आहे. तुमच्या ट्रॅकसाठी मी गाड्या जमवून ठेवतो: कॅनवाली एक, गवताच्या भाऱ्याची एक, काळ्या फिल्मची एक, फक्त ब्रेकची तार चालू असलेली एक, आणि मागे दिवाच नसलेली एक. त्यांची मापं घ्या, फोटो काढा, हव्या तर दोन-चार दिवसांसाठी घेऊन जा. गाडी परत येईपर्यंत मालकाला माझी स्वतःची वापरायला देईन, तसं त्यांच्याशी बोलून ठेवलंय.

आपला नम्र,
एक दुचाकी मेकॅनिक,
तळेगाव रस्ता, चाकण